खाडीवरची शिट्टी

शिट्टी वाजली तेव्हा मी गुडघ्यांच्या वरपर्यंत खाडीच्या चिखलात होते आणि माझ्या दोन्ही मुठींत जिवंत तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या, होत्या.

"ओ मॅडम! पँट खाली!"

जेटीवर ग्रामपंचायतीचा शिपाई नारू उभा होता. गळ्यात नवीकोरी प्लास्टिकची शिट्टी. मी खाली बघितलं. ट्रॅकपँट मांड्यांपर्यंत गुंडाळलेली होती, पण तिच्याखाली पाय असा दिसतच नव्हता, नुसता काळा चिखल होता. तरीही एका मुठीतल्या तिसऱ्या सुटल्या आणि तो हात पँटच्या कडेकडे गेला. शाळेपासूनची सवय. कोणी नुसतं वळून बघितलं तरी माझा हात कपड्याची कड ओढायला जायचा.

"खाली कुठे करू नारूभाऊ? खाली चिखल आहे!"

"तां माका म्हायत नाय. बोर्ड वाचा."

जेटीच्या खांबाला लाकडी फळीचा बोर्ड लटकत होता. रंग अजून ओला असावा, कारण एक माशी त्यात चिकटून फडफडत होती. 'खाडीत व किनाऱ्यावर महिलांनी घोट्यापर्यंत वस्त्र परिधान करावे. अन्यथा दंड. आदेशावरून, ग्रामपंचायत खारवणे.'

मी तेव्हा नुकतीच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. सांगलीची मुलगी, समुद्र सहलीत पाहिलेला. एका सर्वेक्षणाच्या कामावर खारवण्याला आले होते. प्लास्टिकच्या पाइपची चौकोनी चौकट चिखलावर टाकायची, तिच्या आत किती तिसऱ्या आहेत ते मोजायचं, लहान-मोठ्या वेगळ्या करायच्या आणि पुढे सरकायचं. राहायची सोय दुरपाकाकींकडे होती. दुरपदा कोयंडे, वय साठीच्या पुढे, सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की टोपली घेऊन खाडीत उतरणाऱ्या बायकांत सगळ्यात जुन्या.

त्या माझ्यापासून थोड्या अंतरावर वाकून तिसऱ्या चाचपत होत्या. लुगड्याचा कासोटा मागे घट्ट खोचलेला, दोन्ही गुडघे उघडे. मान न वळवता त्या म्हणाल्या, "नारू, शिट्टी कोणाक मारतंस रे?"

"सगळ्यांका. पंचायतीचो ठराव हा."

"माका पण?" त्यांच्या पलीकडून लक्षुमी ताठ उभी राहिली. लक्षुमी म्हणजे नारूची बायको.

नारूने तोंडातली शिट्टी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. "तुका पण गो. ड्युटी हा."

"बरां. मगे ड्युटीवरच जेव. आजपासून घराकडे कालवण नाय."

सगळ्या हसल्या. दुरपाकाकी हसल्या नाहीत. त्या बोर्डाकडे बघत होत्या. मग त्यांनी मागे हात नेऊन खोच सोडली. लुगडं सरळ घोट्यांपर्यंत उतरलं, म्हणजे पाण्यात उतरलं. त्यांनी एक पाय उचलला. ओलं कापड दोन्ही पायांत गुंडाळलं गेलं. दुसरं पाऊल कसंबसं पडलं. तिसऱ्या पावलाला त्या खाली बसल्या, टोपली कलंडली आणि तोवर काढलेलं सगळं खळखळत खाडीत परत गेलं.

मी धावायला गेले, पण चिखलात कोणालाच धावता येत नाही. मी पोचेपर्यंत त्या उठल्या होत्या. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन त्या काठाकडे निघाल्या. सुकती अजून पुरी लागलीही नव्हती. एवढ्या लवकर त्यांना खाडीतून बाहेर पडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर लक्षुमीने मला सगळं सांगितलं. महिन्याभरापूर्वी कोणी पर्यटकाने या बायकांचा वाकून काम करतानाचा व्हिडिओ काढला, त्यावर एक वाईट गाणं टाकलं आणि तो फिरवला. मुंबईतल्या चाकरमान्यांचे फोन आले, गावाची लाज गेली म्हणून. पंचायतीने ठराव केला. आता तो येत्या ग्रामसभेपुढे जाणार होता. एकदा ग्रामसभेने मान डोलावली की कायमचा.

"आणि मग?" मी विचारलं.

"मगे काय," दुरपाकाकी म्हणाल्या. "आमी टीव्ही बघूचो."

त्या टीव्ही बघत नसत. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. दोन मुली याच खाडीने वाढवल्या, याच खाडीने उजवल्या. पावसाळ्यात खाडी बंद, म्हणून शिमग्यापासून पावसापर्यंतची सुकती हीच त्यांची सुगी. आणि सुगीच्या तोंडावर त्या ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. दुपारभर त्यांनी तो पाय चोळला, जो दुखतही नव्हता.

ऊन उतरल्यावर सरपंच आले.

सरपंच बाबली मेस्त्री, सगळ्या गावाचे बाबलीमामा. पन्नाशी उलटलेली, अंग सडपातळ, भुवया कोरलेल्या. दशावतारी नाटकात बायकांची कामं पुरुषच करतात, आणि त्यांच्या राणीच्या पार्टासाठी चार गावांची माणसं चालत येत. अंगणातून येतानाही ते असे आले, की पायात पैंजण असावेत. गावातल्या नव्या नवरीला साडी नीट बसली नाही, तर तिची सासू त्यांनाच बोलावणं पाठवायची.

"वैनी, राग मानू नको," ते पायरीवर बसले. "त्या व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिवलांनी, तां मी वाचलंय. माझां डोक्यां फिरलां. आमच्या बायकांवर असली भाषा!"

"ज्यान व्हिडिओ काढल्यान, तेका काय केलंस?"

"तो खंय गावतलो? पुण्याचो का मुंबयचो, कोणाक म्हायत."

"म्हणजे तो गावना नाय म्हणून आमका धरलंस," दुरपाकाकी म्हणाल्या. "आमी गावतंव." गावणं म्हणजे सापडणं, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

बाबलीमामांनी मान खाली घातली, पण हट्ट सोडला नाही. "वैनी, साडी घोट्यापर्यंतच शोभता. मी रातभर नेसतंय. साडीत लढाई खेळतंय, पडतंय, उठतंय. एक निरी हलना नाय माझी. सगळो सवयीचो प्रश्न हा."

"खरां म्हणतंस?"

"खरां."

दुरपाकाकींनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग "च्या घे," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, त्यांनी हार मानली.

मी हार मानणार नव्हते. माझ्याकडे तिसऱ्यांचं वजन करायचा स्प्रिंगचा काटा होता. मी दुरपाकाकींची एक जुनी साडी आधी कोरडी तोलली, मग खाडीच्या पाण्यात बुडवून, मग चिखलातून ओढून. काटा दर वेळी इतका खाली गेला, की शेवटी मला तो दोन्ही हातांनी धरावा लागला. नायलॉन, सुती, नऊवारी, पाचवारी, सगळं करून बघितलं. एवढी पक्की गोष्ट ऐकल्यावर कोणीही माणूस ठराव मागे घेईल, याबद्दल मला शंका नव्हती.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. मी काटा उंच धरून सगळं सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ, ज्याने जेटीजवळ पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या, म्हणाला, "मॅडम, तुमचो काटो बरोबर हा मां? नाय, आमच्या बाजारातले बरोबर नसतत."

पटांगण हसलं. मी काटा पिशवीत ठेवला. ओढणी ओढली आणि खाली बसले.

तेव्हा दुरपाकाकी उठल्या.

"चेडवान सांगलां तां बरोबर हा," त्या माझ्याकडे हात करून म्हणाल्या. "पण बाबलो म्हणता, ह्यो सवयीचो प्रश्न हा. बरां. माका एक सांगा, ह्या गावात साडी सगळ्यात बरी कोण नेसता?"

"बाबलीमामा!" अख्खं पटांगण एका आवाजात ओरडलं. बायका, पुरुष, तो खोल्यावालासुद्धा. विचार करायला कोणी थांबलंच नाही. बाबलीमामांची छाती नकळत फुलली.

"मगे बाबल्यान साडी नेसून खाडीत येवचां. घोट्यापर्यंत, बोर्डार लिवलां हा तशी. सुकती सरायच्या आत एक टोपली तिसऱ्यांची भरून दाखवची. भरलीन तर आमी जन्मभर घोटे झाकतंव, कोण तोंडातून शब्द काढूची नाय. नाय भरलीन, तर तो बोर्ड आमचो."

दुसरा कुठलाही सरपंच असता तर म्हणाला असता, ही सभा आहे की जत्रा? पण दुरपाकाकींनी सरपंचाला विचारलंच नव्हतं. त्यांनी नटाला विचारलं होतं.

बाबलीमामा उभे राहिले. खांद्यावरचं उपरणं पदरासारखं सारखं केलं.

"खंयची साडी?" त्यांनी विचारलं.

"तुका आवडता ती."

पैजेच्या दिवशी सुकती उतरत्या उन्हात होती. जेटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दशावताराची कंपनी पेटी आणि पखवाज घेऊन आली होती; त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण आपला राणीपार्टी बाहेर पडणार म्हटल्यावर घरी कोण बसेल? एका माणसाने भाजलेल्या शेंगांची गाडीच लावली. तिसऱ्या काढणाऱ्या बायका मात्र काठावर कंबरेवर हात ठेवून रांगेत उभ्या होत्या. दुरपाकाकी त्यांच्या मध्ये. त्यांच्या तोंडात पान होतं, पण त्या चावत नव्हत्या.

बाबलीमामा आले. वांगी रंगाची सुती साडी, जरीचा बारीक काठ, केसांच्या टोपावर अबोलीचा गजरा. एकही पिन नाही. पिन लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. निऱ्या अशा, की पट्टीने आखल्यासारख्या. पखवाजवाल्याचा हात सवयीने पडला आणि ते प्रवेशाच्या चालीने वाळूवर उतरले.

"चाल बघ गो, चाल!" एक म्हातारी भान हरपून म्हणाली. "माझ्या सुनेक दाखवूक व्हयी होती."

टाळ्या पडल्या. दुरपाकाकींच्या रांगेतूनही दोन-तीन पडल्या, मग लक्षुमीने कोपर मारल्यावर थांबल्या.

वाळू संपली, चिखल लागला. पाणी सुती कापडात आपोआप वर चढतं हे मी शाळेत शिकले होते, पण इतक्या घाईने चढताना पहिल्यांदा पाहिलं. साडीच्या काठावर एक काळी रेघ उमटली आणि बघता बघता पोटऱ्यांपर्यंत आली. तरी बाबलीमामांचा तोल सुटला नाही. ते डौलाने वाकले, चिखलात हात घातला, चाचपलं आणि एक तिसरी वर काढली. दोन बोटांत धरून ती त्यांनी जेटीला दाखवली. पेटी वाजली, शिट्ट्या पडल्या. नारूचीसुद्धा पडली, लक्षुमीने वळून बघितलं तशी त्याने ती शर्टात लपवली.

आणखी एक निघाली. आणखी काही. "काकी, भरतील की काय?" मी विचारलं.

"बघ," त्या म्हणाल्या.

ते पुढे सरकले, जिथे तिसऱ्या खरोखर दाट असतात. तिथे चिखल मऊ. निऱ्यांच्या एकेका घडीत तो शिरला आणि समोरचा तो सुंदर पंखा गोणपाटासारखा लोंबायला लागला. त्यांनी डाव्या हाताने निऱ्या उचलून धरल्या. उजव्या हातात टोपली होती. आणि ते वाकले. वाकले, आणि तसेच राहिले.

निऱ्या सोडल्या तर पाऊल उचलत नव्हतं. टोपली सोडली तर ती वाहून जात होती. त्यांनी निऱ्या उजवीकडे घेतल्या, टोपली डावीकडे. परत वाकले. पखवाज हळू झाला, मग थांबला. दूर खाडीच्या मुखाकडे पाण्याची कड चमकायला लागली होती; भरती परतली होती.

बाबलीमामा आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"वैनी," त्यांनी हाक मारली. राणीचा आवाज नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. "हातच उरलो नाय गो."

"तांच तर सांगतंय, बाबल्या," दुरपाकाकी म्हणाल्या. एवढ्या माणसांत त्यांचा आवाज अगदी हळू होता, तरी तो सगळ्यांना ऐकू गेला.

बाबलीमामांनी टोपलीची कड दातांत धरली. दोन्ही हात मोकळे केले. ओल्या निऱ्यांचा बोळा गोळा केला, पायांमधून मागे ओढला आणि सळकन कंबरेला खोचला. आयुष्यभर साडी नेसलेल्या माणसाचा हात तो. डोळ्याचं पातं लवायच्या आत कासोटा बसला. दोन्ही गुडघे उघडे, बारीक, काळेसावळे, त्यावर चिखलाचे ओघळ.

लक्षुमीने जेटीकडे बोट केलं.

"नारू!" लक्षुमी ओरडली. "शिट्टी!"

"गो, तो बापयो हा!"

"आता बापयो झालो? मघाशी चाल बघीत होतंस तेव्हा राणी होती मां? ढोपरां दिसतत तिची! वाजव!"

नारूने एकदा सगळ्यांकडे बघितलं, डोळे मिटले आणि शिट्टी फुंकली. फुर्र, एवढीच.

बाबलीमामा ताठ झाले. टोपली दातांतून काढली, एक हात उंच उचलला आणि ज्या आवाजासाठी चार गावांची माणसं चालत येत, त्या आवाजात खाडीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "कोण आहे रे तिकडे? आमच्या राज्यात, आमच्याच गुडघ्यांवर शिट्टी फुंकण्याची हिंमत कोणाची झाली?"

आता हे सांगायला हवं, की नारू त्याच कंपनीत द्वारपालाचं काम करायचा. वर्षानुवर्षं भाला धरून एकच वाक्य बोलायचा. ते त्याच्या तोंडातून आपसूक निघालं. "आज्ञा असावी, महाराणी!"

"तो फलक उतरवा!"

"आज्ञा, महाराणी!"

आणि नारूने खरोखरच खांबावरचा बोर्ड ओढून काढला. पखवाज असा वाजला, की काठावरचे बगळे उडाले. शेंगावाल्याने स्वतःच्याच शेंगा उधळल्या. काठावरच्या बायकांनी कासोटे मारले आणि सगळ्या एकदम चिखलात उतरल्या. कोणी बाबलीमामांना धरलं, कोणी त्यांची टोपली ओढली, आणि पाणी परतायच्या आत जी ती त्या टोपलीत मूठ मूठ टाकायला लागली. मोकळे झालेले बाबलीमामाही दोन्ही हातांनी उपसत होते, गजरा एका कानावर आला होता आणि ते हसत होते, पार्टातलं हसणं नव्हे, खिदळणं.

टोपली शिगोशीग भरली. "भरली मां?" ते दुरपाकाकींना म्हणाले. "बघ, भरली!"

"भरली. पण कासोटो घालून," दुरपाकाकींनी तोंडातलं पान शेवटी चावलं. "बोर्ड आमचो."

पुढच्या ग्रामसभेत ठराव रीतसर रद्द झाला. सूचना स्वतः सरपंचांनी मांडली. त्याच सभेत दुसरा ठराव झाला, काम करणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत असा. त्याचा बोर्ड कोणी रंगवला नाही. जुना बोर्ड बायकांनी जेटीच्या तुटलेल्या पायरीखाली पालथा टाकला, चिखलात उतरताना पाय ठेवायला. तिथे पाय घसरायचा, आता घसरत नाही. शिट्टी मात्र नारूने परत केली नाही. आवडली होती त्याला.

एका सकाळी बाबलीमामा दुरपाकाकींच्या अंगणात आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडमांनू, ती ट्रॅकपँट काढा बघू. म्हणजे, आत जावन काढा. दर दोन पावलांनी तिका हात लावतास. मी बघतंय मां, नटाचो डोळो हा."

दुरपाकाकींच्या जुन्या लुगड्यावर त्यांनी मला कासोटा शिकवला. ते लांब उभे राहून सांगायचे आणि लक्षुमी ओढून बसवायची. मी विचारत राहिले, घडी किती रुंद, खोच कुठल्या अंगाला, ओलं झाल्यावर कुठे ताण येतो. ते एकेकाचं उत्तर देत होते, शेवटी वैतागले. "एकच ध्यानात ठेवा. खोच अशी बसाक होयी, की मगे साडी नेसली हा ह्याची आठवणच येता नये."

त्यानंतर मी बऱ्याच खाड्यांवर काम केलं. काही ठिकाणी लोक माझ्याकडे बघून हसतात, काही ठिकाणी बायका विचारतात, ही खोच कुठून शिकलीस? पण खारवण्याचा शेवटचा दिवस मला जास्त आठवतो. सर्वेक्षणाची शेवटची सुकती होती. मी लुगड्यात होते, चौकट चिखलावर टाकलेली, दुरपाकाकी माझ्या पुढे वाकलेल्या. आणि जेटीवर शिट्टी वाजली. चांगली लांब, खणखणीत.

"ओ साहेब! मोबाईल खाली!"

जेटीवर गॉगल लावलेला एक पाहुणा घाईघाईने फोन खिशात घालत होता. नारू कंबरेवर हात ठेवून द्वारपालासारखा उभा होता.

लक्षुमीने मान वर न करताच ओरडून सांगितलं, "नारू! आज घराकडे ये जेवाक. कालवण हा!"

हसायला म्हणून मी सरळ होणार होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं. शिट्टी वाजली होती आणि माझे दोन्ही हात कोपरांपर्यंत चिखलात होते. ते कुठेही गेले नव्हते. बोटांखाली एक तिसरी हलली. मी तशीच वाकून राहिले आणि पुढची चाचपायला लागले.